गावचे उंबरे आणि गावची माणसे



तुमचे गाव केवढे, असे खेड्यातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारले, तर तो माणसांचा आकडा सांगत नसे. 'आमचे गाव शंभर उंबऱ्यांचे,' असे तो म्हणे. उंबऱ्याच्या आत किती माणसे नांदतात, किती जन्मली, किती गेली, हा हिशेब ज्याचा त्याने ठेवायचा. गावाने मोजायचा तो उंबरा. सरकारची रीत निराळी. सरकार डोकी मोजते. या दोन मोजण्यांमध्ये जे अंतर आहे, त्यातच आपल्या खेड्यांचा गेल्या दोनशे वर्षांचा पुष्कळसा इतिहास दडलेला आहे, आणि तोच आज आपल्यापुढे मांडावा असा माझा विचार आहे.

खेड्याच्या लोकसंख्येचा विषय निघाला की एक चित्र आपल्या डोळ्यांसमोर आपोआप उभे राहते. जुन्या काळचे खेडे हे भरल्या तळ्यासारखे होते; पिढ्यान्‌पिढ्या तीच माणसे, तीच शेते, तेच बारा बलुतेदार. पुढे इंग्रज आले, गिरण्या आल्या, आणि तळ्याचा बांध फुटला. हे चित्र मनोहर आहे, पण खरे नाही. खेडे कधीच स्थिर नव्हते. तेथे माणसे येत होती आणि जात होती. बदलले ते एवढेच, की कोण येतो, कोण जातो, आणि गेलेल्या माणसाचे गावाशी काय नाते उरते.

मोजणीची गोष्ट इंग्रजांपासून सुरू होते असेही नाही. खानेसुमारी हा शब्द आपल्याकडे जुनाच आहे. खाना म्हणजे घर. घरांची मोजदाद ती खानेसुमारी. ही मोजदाद व्हायची ती पट्टी बसवण्यासाठी, म्हणजे दौलतीच्या सोयीसाठी. गावाची स्वतःची मोजदाद याहून वेगळी आणि एका अर्थाने अधिक बोलकी होती. दख्खनच्या कित्येक गावांतून थळझाडा नावाचा कागद असे. गावची काळी जमीन मूळच्या घराण्यांत कशी वाटली गेली, त्याचा तो झाडा. प्रत्येक थळाला एका घराण्याचे नाव. आता त्या घराण्याचा वंश खुंटला किंवा ते घराणे गाव सोडून गेले, तर जमिनीवरचे नाव पुसले जात नसे. त्या जमिनीला गतकुळी म्हणत. कुळ गेलेले आहे, पण जमीन अजून त्याच्याच नावाने ओळखली जाते. ज्या व्यवस्थेला 'गतकुळ' अशा शब्दाची गरज पडली, तिच्यात माणसे गाव सोडून जात होती, हे सांगायला निराळा पुरावा कशाला हवा?

गावात जमीन कसणारेही दोन प्रकारचे होते. मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. तो परागंदा झाला आणि बऱ्याच वर्षांनी परतला, तरी आपली मिरास मागू शके. उपरी म्हणजे वरून आलेला. त्याला हक्क नव्हता, पण बंधनही कमी होते. एका गावी जमले नाही तर तो दुसऱ्या गावी जाई. १८०२ साली यशवंतराव होळकरांची फौज पुण्यावर आली, पेंढाऱ्यांची लूट झाली, आणि पाठोपाठ १८०३-०४चा दुष्काळ पडला. त्या तडाख्यात दख्खनमधली गावेच्या गावे ओस पडली. नंतर जी वस्ती झाली, ती जुन्या आणि नव्या माणसांची मिळून झाली. तेव्हा इंग्रजांनी १८१८ साली जो दख्खन पाहिला, तो कोणा निश्चल तळ्याचा काठ नव्हता. नुकताच पूर ओसरून गेलेल्या नदीचे ते पात्र होते.

अशा वेळी एका माणसाला एक चांगली बुद्धी झाली. कंपनी सरकारच्या नोकरीतला टॉमस कोट्स नावाचा एक शल्यवैद्य होता. पुण्याच्या पूर्वेस, नगरच्या रस्त्यावर लोणी नावाचे गाव आहे. आज आपण त्याला लोणीकंद म्हणतो. पेशवाई बुडाल्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच कोट्सने या एका गावाची बारकाईने पाहणी केली. ती हकीकत १८२० साली मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचली गेली आणि १८२३ साली छापून निघाली. गावची वस्ती साडेपाचशेच्या आसपास. जमीन किती, पिके कोणती, बलुतेदार कोण, घरात भांडी काय, अंगावर कपडे कोणते, जेवणात काय असते, असा सगळा तपशील त्याने टिपला. आणि त्या तपशिलात एक गोष्ट स्पष्ट नोंदली, की गावचे बहुतेक कुणबी कर्जात आहेत. ध्यानात घ्या, हे साल १८१९-२० आहे. अजून नवी जमीनमोजणी झालेली नाही, कोर्टकचेऱ्या नीट बसलेल्या नाहीत, रेल्वे कोणी पाहिलेली नाही. साडेपाचशे माणसांचे गाव, भोवती जमीन मुबलक, आणि तरी शेतकरी सावकाराचा देणेकरी. माणसे थोडी असली की गाव सुखी असते, ही समजूत एवढ्या एकाच नोंदीने डळमळते.

कोट्सनंतर सुमारे नव्वद वर्षांनी असाच दुसरा माणूस पुण्यात आला. त्याचे नाव हॅरल्ड मॅन. शेतकी कॉलेजचा तो प्रिन्सिपॉल. मूळचा रसायनशास्त्रज्ञ, आसामातल्या चहाच्या मळ्यांसाठी काम करून १९०७ साली पुण्यास आला. पण या माणसाला माती जशी तपासावीशी वाटे, तसे मातीवर जगणारे घरही तपासावेसे वाटे. इंग्लंडात राउन्ट्री नावाच्या गृहस्थाने यॉर्क शहरातली दारिद्र्याची पाहणी १९०१ साली प्रसिद्ध केली होती. घरात माणसे किती, त्यांना जगायला कमीत कमी लागते किती, आणि मिळते किती, असा तो रोकडा हिशेब. मॅन स्वतः यॉर्कचाच. त्याने तीच रीत बेडफर्डशायरमधल्या रिजमाउंट या खेड्याला लावून पाहिली, आणि पुढे पुण्यास आल्यावर आपल्या एका खेड्याला लावली. ते खेडे म्हणजे पवनेच्या काठचे पिंपळे सौदागर. सहकाऱ्यांच्या मदतीने केलेली ही पाहणी १९१७ साली पुस्तकरूपाने निघाली.

त्या पुस्तकातले काही आकडे मी आपल्यापुढे ठेवतो. आकडे ऐकायला रुक्ष असतात हे मला ठाऊक आहे. पण या आकड्यांच्या आत माणसे बसलेली आहेत.

पहिला हिशेब जमिनीचा. जुन्या कागदपत्रांवरून मॅनने असे दाखवले, की १७७१ साली पिंपळे सौदागरात एका खात्याची सरासरी जमीन ४० एकर होती. १८१८ साली ती साडेसतरा एकर झाली. १८२० ते १८४० या काळात १४ एकर. आणि १९१४-१५ साली ७ एकर. दहा एकरांहून लहान खाती शेकडा ८१. त्यांपैकी कितीतरी पाच एकरांच्याही आतली, म्हणजे एकूण खात्यांत शेकडा ६०. शिवाय प्रत्येक खाते एका ठिकाणी सलग नाही. दीडशेच्या वर खातेदार, आणि त्यांच्या जमिनीचे तुकडे सातशेहून अधिक. त्यांतले ४६३ तुकडे एक एकराहून लहान, आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. औत वळवताना बैल दुसऱ्याच्या शेतात जायचे, असा तो प्रकार.

हे तुकडे असे का पडले? बापाच्या तीन शेतांपैकी एकेक शेत एकेका मुलाने घेतले असते, तर तुकडे झाले नसते. पण एक शेत काळ्या मातीचे, दुसरे मुरमाड, तिसरे नदीकाठचे. चांगले कोणी घ्यायचे आणि वाईट कोणी? म्हणून प्रत्येक शेताचे तीन भाग. भावाभावांत न्याय झाला. शेतीवर मात्र अन्याय झाला. आपल्या वाटणीपत्रांतून ही न्यायबुद्धी पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आली आहे.

आता हे आकडे नीट वाचायला हवेत, कारण ते ज्याला जे हवे ते सांगू शकतात. आपल्यापैकी पुष्कळांना असे वाटत असेल, की इंग्रजी अमलात खेडी नागवली गेली म्हणून जमीन तुटत गेली. त्या अमलाच्या पदरी दोष कमी नाहीत. पण १७७१ ते १८१८ ही सत्तेचाळीस वर्षे पेशवाईची आहेत, आणि ४० एकरांचे साडेसतरा एकर झाले ते त्याच वर्षांत. निम्म्याहून मोठी घसरण इंग्रजांच्या आधीची आहे. उलट बाजूने, हे सगळे लोकसंख्या वाढल्यामुळेच झाले असे म्हणणेही घाईचे होईल. जुन्या कागदात एका नावावर जे खाते असे, त्यामागे कधी चार भावांचे एकत्र कुटुंब असे. खातेदार म्हणजे कुटुंब नव्हे. एकत्र घर विभक्त झाले, तर माणूस एकही न वाढता खाती चौपट दिसतात. माणसेही वाढली आणि घरेही फुटली. दोन्ही गोष्टी मिळून सात एकरांवर आल्या.

दुसरा हिशेब घरांचा, आणि तो अधिक बोचरा आहे. पिंपळे सौदागरात कुटुंबे १०३. प्रत्येक घराची मिळकत किती, आणि गावच्या लोकांनीच किमान म्हणून मानलेल्या राहणीला लागते किती, हे मॅनने मांडले. केवळ आपल्या जमिनीच्या उत्पन्नावर ज्यांचे भागते, अशी कुटुंबे निघाली आठ. जमिनीला बाहेरच्या मजुरीची जोड दिली की ज्यांचे भागते, अशी अठ्ठावीस. उरलेली सदुसष्ट कुटुंबे जमीन कसून आणि बाहेर मजुरी करूनही तोट्यात. म्हणजे शंभरांत पासष्ट घरे अशी, की ज्यांचा हिशेब जुळतच नाही. काही वर्षांनी मॅन आणि कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची अशीच पाहणी केली. ती १९२१ साली प्रसिद्ध झाली. तेथे तोट्यातल्या घरांचे प्रमाण शेकडा ८५ निघाले. पिंपळ्याला निदान खडकी आणि पुणे जवळ. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून चाललेला. जातेगावच्या जवळपास असे काही नव्हते.

येथे कोणीही व्यवहारी माणूस विचारील, की ज्या घराचा हिशेब वर्षानुवर्षे जुळत नाही, ते घर जगते कसे? याची उत्तरे तीनच आहेत. ते घर कर्ज काढते, ते घर कमी खाते, किंवा त्या घरातला माणूस गाव सोडतो. पहिली दोन उत्तरे कोट्सच्या काळीही होती. तिसरे उत्तर रेल्वे आणि गिरणी आल्यावर सोपे झाले. आणि एक चौथे उत्तर होते, जे माणसाच्या हातचे नव्हते. ते म्हणजे मरण.

आपल्या देशाची पहिली खानेसुमारी १८७२ च्या सुमारास झाली, आणि सबंध देशात एकाच रात्री डोकी मोजण्याची पद्धत १७ फेब्रुवारी १८८१ पासून सुरू झाली. तेव्हापासून दर दहा वर्षांनी आकडे आहेत. आजचा महाराष्ट्र धरला, तर १९११ साली येथे सुमारे २ कोटी १५ लाख माणसे होती. १९२१ साली ती सुमारे २ कोटी ८ लाखांवर आली. दहा वर्षांत माणसे वाढण्याऐवजी घटली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ आधीच होऊन गेले होते, १८९६ पासून प्लेग ठाण मांडून बसला होता, आणि त्यात १९१८ साली इन्फ्लुएंझा आला. मॅन जेव्हा घरे मोजत होता, तेव्हा यमही त्याच घरांवरून फिरत होता. त्यामुळे १९२१ पर्यंत गावच्या आकड्याचा अर्थ असा होता, की जन्म पुष्कळ, मृत्यू पुष्कळ, आणि उरतील तेवढी माणसे.

१९२१ नंतर हा हिशेब बदलला. जन्म पूर्वीइतकेच राहिले आणि मृत्यू हळूहळू मागे हटले. दुष्काळात धान्य हलवण्याची सोय झाली, प्लेग ओसरला, देवीची लस खेड्यापाड्यांत गेली, आणि १९५३ पासून हिवतापाविरुद्धची मोहीम देशभर सुरू झाली. देशाची वस्ती १९२१ साली २५ कोटी होती, ती १९५१ साली ३६ कोटी आणि २०११ साली १२१ कोटी झाली. या वाढीकडे आपण नेहमी भीतीच्या नजरेने पाहतो. पण तिचा पहिला अर्थ असा आहे, की पाळण्यातले मूल जगू लागले. ज्या आईची पाचांपैकी तीन मुले जात, तिच्या घरी चार वाढू लागली. हा काही गुन्हा नव्हे. प्रश्न एवढाच, की त्या चौघांना सात एकरांत बसवायचे कसे.

याच प्रश्नावर १९१८ साली, म्हणजे मॅनचे पुस्तक निघाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक निबंध लिहिला. हिंदुस्थानातली लहान शेते आणि त्यांवरचे उपाय, असा त्याचा विषय. त्या काळी सगळे विद्वान म्हणत होते, की शेते लहान आहेत म्हणून शेतकरी गरीब आहे. तेव्हा कायदा करून शेते एकत्र करा. आंबेडकरांनी प्रश्नच उलटा मांडला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्याच्यावर लावायला भांडवल किती, अवजारे किती, आणि हात किती, यावरून ते ठरते. आपल्याकडे खरा रोग आहे तो शेतीवर पडलेल्या जादा माणसांचा. जादा माणसे तशीच ठेवून शेते जोडलीत, तर ती पुन्हा तुटतील. या माणसांना शेतीबाहेर काम द्या, म्हणजे कारखानदारी वाढवा. शेताचे दुखणे मग आपोआप हलके होईल. पुढे मुंबई राज्यात १९४७ साली तुकडेबंदीचा आणि तुकडेजोडीचा कायदा झाला. तरीही आजच्या सातबाऱ्यांवर नजर टाकली, तर या निबंधातला इशारा किती दूरदृष्टीचा होता ते कळते.

आंबेडकरांच्या या विचारामागे आणखी एक गोष्ट होती असे मला वाटते. गावच्या आकड्यात गावकुसाबाहेरची माणसेही मोजली जात होती. पण थळझाड्यात त्यांचे थळ कोठे होते? मिरास ज्याची, त्याला गाव सोडणे म्हणजे काहीतरी गमावणे होते. ज्याला पाणवठ्यावर पाऊल टाकता येत नव्हते, त्याने गिरणीचा, रेल्वेचा किंवा कारखान्याचा रस्ता धरला, तर त्याने काय गमावले? त्याच्या दृष्टीने गावची लोकसंख्या एकाने कमी झाली, ही सुटकेची नोंद होती. खेडे ओस पडल्याबद्दल हळहळताना आपण हे विसरता कामा नये. एकच आकडा एका आळीत दुःखाचा आणि दुसऱ्या आळीत मुक्तीचा असू शकतो.

आता या गावांचे पुढे काय झाले ते पाहू. लोणीकंदला डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी पुन्हा हात घातला. सव्वाशे वर्षांनंतरचे लोणीकंद, तेव्हाचे आणि आताचे, अशा अर्थाच्या नावाचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९६० साली प्रसिद्ध झाले. एकाच खेड्याचे इतक्या अंतराने काढलेले दोन फोटो आपल्याजवळ आहेत, हे आपले भाग्यच म्हणायचे.

पिंपळे सौदागरची गोष्ट तर एखाद्या कथेसारखी आहे. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला. साठीच्या दशकात त्या बाजूला मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. मग हिंजवडीला संगणकाचे उद्योग आले. आज पिंपळे सौदागर हे त्या महानगरपालिकेचे एक उपनगर आहे. जेथे ११२ तुकडे दहा गुंठ्यांहून लहान म्हणून मॅनने चिंता केली, तेथे दहा गुंठ्यांवर मजल्यावर मजले चढलेले आहेत. ज्या गावच्या जमिनीला १०३ कुटुंबे पोसवत नव्हती, तेथे आता एकेका गृहसंकुलात त्याहून अधिक उंबरे आहेत. १९१८ साली सांगितलेला उपाय येथे शब्दशः लागू पडला. कारखाना गावापाशी आला आणि माणसांना काम मिळाले. फक्त गाव राहिले नाही. कसणारी जमीनच नाहीशी झाली, तेव्हा जमिनीचा प्रश्नही सुटला!

पण असा कारखाना सगळ्याच गावांपाशी आला नाही. जेथे तो आला नाही, तेथे माणूस त्याच्याकडे गेला. याचे सर्वांत जुने उदाहरण आपले कोकण. रत्नागिरी जिल्ह्यातला पुरुष मुंबईस जातो आणि बायकामुले, म्हातारीकोतारी मागे राहतात, ही रीत शतकाहून जुनी आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. हा आकडा वाचून कोकणात मुली जास्त जन्मतात असे कोणी समजू नये. तेथले पुरुष मोजणीच्या वेळी मुंबईत होते, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी पुरुष जात होता, आता कुटुंबच जाते. २००१ साली या जिल्ह्यात सुमारे १६ लाख ९७ हजार माणसे होती, ती २०११ साली सुमारे १६ लाख १५ हजार झाली. शेजारच्या सिंधुदुर्गाचीही संख्या घटली. दुष्काळ नाही, प्लेग नाही, आणि तरी आकडा उतरला. १९२१ सालची घट मरणाची होती. ही घट उंबऱ्याला कुलूप लावून गेलेल्यांची आहे. ते कुलूप गणपतीला आणि शिमग्याला उघडते, आणि पुन्हा लागते.

देशावरचा प्रकार आणखी निराळा. बीडकडची ऊसतोड करणारी जोडपी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली. फेब्रुवारी म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. त्या दिवसांत ही माणसे कुठल्याशा कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत होती. त्यांचे गाव कोणते म्हणायचे? उंबरा एकीकडे, डोके दुसरीकडे. आणि गावच्या आकड्यावर तर पुष्कळ गोष्टी ठरतात. ग्रामपंचायतीत सदस्य किती, दवाखाना मिळेल की नाही, शाळेचा पट टिकेल की नाही. जो मोजणीच्या दिवशी नाही, तो वाटणीच्या दिवशीही नसतो. २०२१ साली व्हायची जनगणना करोनाच्या साथीमुळे लांबली. आणि त्याच साथीच्या पहिल्या उन्हाळ्यात, २०२० साली, माणसे शेकडो मैल पायी चालत आपापल्या गावी गेली. शहरांनी ज्यांना आपल्यात मोजले होते, त्यांनी संकट येताच स्वतःला कोठले मानले, हे तेव्हा रस्त्यांवर दिसले.

म्हणून मला असे सुचवायचे आहे, की खेड्याच्या लोकसंख्येचा आकडा एका रकान्यात वाचू नये. तीन रकान्यांत वाचावा. गावात माणसे किती आहेत, हा पहिला रकाना. गावची जमीन आणि गावातले काम त्यांतल्या किती जणांना पोटभर देते, हा दुसरा. आणि गावची म्हणून जी माणसे गावाबाहेर आहेत ती किती, हा तिसरा. खानेसुमारी पहिला रकाना भरते. दुसरा मॅनने १९१७ साली एका गावापुरता भरून दाखवला, आणि १०३ तून आठ हे उत्तर काढले. तिसरा रकाना कोणी भरायचा?

श्रोतेहो, तो भरण्याची सोय या मंडपातच आहे. येथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या आजोबांचा किंवा पणजोबांचा जन्म खेड्यात झाला नाही, असे किती जण निघतील? फार थोडे. आपण शहरवासी म्हणून खेड्याच्या लोकसंख्येची चर्चा अशा थाटात करतो, की जणू तो दुसऱ्या कोणाचा प्रश्न आहे. वास्तविक गावच्या खात्यातून जी रक्कम वजा झाली, ती आपण आहोत. आपण उठून आलो, म्हणून मागे राहिलेल्या भावाला दोन एकर जास्त कसता आले. आणि आपण उठून आलो, म्हणूनच म्हाताऱ्या माणसाजवळ रात्री कोणी उरले नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकाच हिशेबात मांडायच्या आहेत.

कित्येकांचे नाव अजून गावच्या सातबाऱ्यावर असेल. वाटणी झालेली नाही, वारसांची नोंद झालेली नाही, जमीन पडीक आहे किंवा चुलतभाऊ तोंडी बोलीवर कसतो आहे; ना त्याला कर्ज काढता येते, ना विहीर पाडता येते, कारण नाव आपले. जुन्या व्यवस्थेत गेलेल्या माणसाच्या जमिनीला गतकुळी असा स्पष्ट शब्द होता, आणि ती कोणाकडे सोपवायची याची रीत होती. आपण गेलो, पण गेलो असे म्हणत नाही. आणि परतही येत नाही. मिरासदाराचा हक्क आपल्याला हवा आहे आणि उपऱ्याची मोकळीकही. हा दुटप्पीपणा मागे राहिलेल्याला भोवतो.

येत्या उन्हाळ्याच्या सुटीत आपल्यापैकी काही जण गावी जातील. तेथे गेल्यावर एवढे करावे. आपल्या आळीतले उंबरे मोजावेत. त्यांतले उघडे किती आणि बंद किती, हे पाहावे. उघड्या उंबऱ्याच्या आत कोण आहे आणि ते कशावर जगते, हे विचारावे. आणि आपल्या नावावर जी जमीन आहे, तिच्याविषयी जो तेथे राहून ती कसतो आहे त्याच्याशी बसून, कागदावर, एकदाचे काय ते ठरवावे. मोजणारा शिक्षक जेव्हा पुन्हा दारोदार येईल, तेव्हा पहिला रकाना तो भरील. उरलेल्या दोन रकान्यांची जबाबदारी आपली आहे.